खुंटीवरची गाठ

इडेलाने रँचवरच्या जुन्या गुराख्याला, ओरिन टॅकेटला, पहिल्यांदा नीट पाहिलं ते तो फाटक उघडत असताना. ती नेवाडातल्या त्या गुरांच्या रँचवर, मालकाशी लग्न होऊन, नुकतीच आली होती. पायी माणसाने चुटकीसरशी उघडावं असं ते फाटक. ओरिन मात्र घोडा पुढे घे, मागे घे, आडवा घे, असा त्याच्याशी झुंजत होता. पण उतरायचं नाव नाही. खोगिरावर बसून होत नाही ते काम इतरांसाठी असतं, असं त्याचं शास्त्र. कुंपण दुरुस्त करायचं म्हटलं की त्याची कंबर अगदी वेळेवर दुखायची.

दोर मात्र त्याचाच! भर कळपातल्या वासराच्या मागच्या पायांत फास टाकायचा, खोगिराच्या खुंटीला दोराचे वेढे द्यायचे आणि मालकाची खूण डागण्यासाठी पेटवलेल्या जाळापर्यंत त्याला अलगद ओढत न्यायचं. टेक्सासहून आलेला तरुण गडी क्लेल वेढे देण्याऐवजी दोराचं टोक खुंटीला आधीच गाठ मारून ठेवी. ओरिनच्या लेखी हे म्हणजे धर्म बुडवणंच.

"वासराला बांधतोस की स्वतःला?"

"मला माझी बोटं हवीत, काका."

पुढल्याच शरदात वेढा देताना ओरिनचा अंगठा दोर आणि खुंटीच्या मध्ये सापडला आणि तुटला. "तसाही फारसा कामाचा नव्हता," असं तो विचारणाऱ्याला सांगे.

वसंतातल्या डागणीला फास कोण टाकणार, हे मालकाने नाव घेऊन सांगायचं. आपणहून मागणं म्हणजे भीक. नवरा गेल्यापासून नावं इडेलाच घेई. अंगठा गेल्यानंतरच्या पहिल्या डागणीला ओरिन घोड्यावर बसून मोठ्या आस्थेने ढग पाहत होता. नाव आलं नाही तर उरलेला जन्म वासरांना लस टोचण्यात, आणि तोही जमिनीवर उभं राहून!

"क्लेल," इडेला म्हणाली. "आणि ओरिन. पण दोर बांधून."

"बांधून?"

"उरलेली बोटं मला हवीत. नाहीतर ती बघ लशीची पेटी."

"गाठ शिकवू का, काका?" क्लेलने विचारलं.

"तुझ्या आज्याला शिकव."

ओरिनने घोडा वळवला, सगळ्यांकडे पाठ केली आणि गाठ मारली. पहिला फास हुकला.

"वारा बघत होतो," तो म्हणाला. दुसऱ्या फासात वासराचे दोन्ही पाय आले.

हल्ली, म्हातारपणी, ओरिन त्याच क्लेलच्या परसातल्या खोलीत राहतो आणि क्लेलच्या बायकोच्या हातचं जेवतो.