मामाचं गाव खरं निघालं

ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. आठवण निघाली की आधी डोळ्यांसमोर येतात ते बिल्डिंगच्या फाटकाशी समोरासमोर उभे असलेले दोन टेम्पो. दोन्हींत गाद्या, कूलर आणि भांड्यांची पोती. दोन्ही घरच्या बायका हातात दुधाचं पातेलं धरून उभ्या होत्या, कारण नव्या घरात गेल्यावर पहिल्यांदा दूध उतू जाऊ द्यायचं असतं. दुसऱ्या दिवशी अमावस्या होती, म्हणून दोन्ही कुटुंबांनी सामान हलवायला हाच दिवस धरला होता. घर मात्र एकच होतं, तिसऱ्या मजल्यावरचं, आणि त्याला कुलूप होतं.

मी तेव्हा बडनेरा स्टेशनच्या बाजूच्या ठाण्यात निरीक्षक होतो. आमच्याकडे मुंबईसारखी उपनगरी गाडी नाही. पण बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला हा पट्टा तेच काम करतो. शेकडो माणसं रोज पास काढून या गाड्यांनी नोकरीला जातात. त्याला इथे ‘अप-डाऊन’ म्हणतात. अप-डाऊनवाल्याला घर हवं असतं ते स्टेशनपासून पायी जाता येईल असं आणि पगारात बसेल असं. ही बिल्डिंग अगदी रुळांच्या कडेला होती. मालगाडी गेली की खिडक्यांची तावदानं वाजत, लिफ्ट बंद होती आणि पाणी सकाळी थोडाच वेळ चढे. म्हणून भाडं कमी, आणि म्हणूनच मागणी जास्त.

मी पोचलो तेव्हा दोन्ही टेम्पोवाले भाड्यावरून आरडाओरडा करत होते आणि आमचे जमादार त्यांना गप्प करत होते. एका टेम्पोबरोबर एक तरुण जोडपं होतं. नवरा अकोल्याच्या एमआयडीसीत कामाला. दुसऱ्याबरोबर अकोल्याच्या एका खासगी दवाखान्यातल्या परिचारिका आणि त्यांचे वडील. बाईंचे पती हयात नव्हते. अकोल्यात, जठारपेठेत दवाखान्याजवळ खोल्यांचं भाडं ऐकून त्या परत आल्या होत्या. अमरावती शहरात राहून बडनेऱ्याची गाडी गाठताना रोज उशीर व्हायचा, आणि दवाखान्याने शेवटची ताकीद दिली होती. नोकरी टिकवायची तर स्टेशनजवळ घर हवंच होतं. रात्रपाळी करणारी एकटी बाई म्हटल्यावर चार घरमालकांनी दारातूनच परत पाठवलं होतं. हे पाचवं घर मिळालं, म्हणून त्यांनी जुनी खोली त्याच सकाळी सोडली होती. तिथे दुसरा भाडेकरू राहायलाही आला होता.

दोन्ही कुटुंबांनी डिपॉझिट दिलं होतं एकाच माणसाला. तिशीच्या आतला, सभ्य, पांढरा शर्ट, पुण्याची भाषा. आपण घरमालकांचे पुतणे, पुण्याला राहतो, असं त्याने सांगितलं होतं. त्याच्याकडे किल्ली होती, त्याने घर उघडून दाखवलं होतं. आता त्याचा फोन बंद होता.

फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला. कलमांचे आकडे आता बदलले, पण फसवणूक म्हणजे फसवणूकच. खरे घरमालक सेवानिवृत्त गृहस्थ, दूरच्या शहरात मुलाकडे राहणारे. फोनवर ते म्हणाले, मला भाऊच नाही तर पुतण्या कुठून येणार. सिमकार्ड दुसऱ्या राज्यातल्या कुणाच्या तरी नावावर निघालं. आधारकार्डाची झेरॉक्स बनावट. बिल्डिंगच्या चौकीदारावर संशय घेऊन आम्ही त्याची एक दुपार वाया घालवली.

पहिली खबर दिली ती गाडीत फुटाणे विकणाऱ्या एका माणसाने. त्याने आमच्या जमादारांना सांगितलं की असा एक पोरगा काही आठवडे पॅसेंजरमध्ये दिसायचा. पासवाले आपसांत घरभाड्याचं बोलू लागले की तो जवळ सरकून बसायचा. तीन-चार दिवस ऐकायचा आणि मग हळूच विचारायचा, घर पाहिजे का? जमादार साध्या कपड्यांत आठवडाभर अकोल्याला जाऊन-येऊन राहिले. हाती काही लागलं नाही. परत आल्यावर म्हणाले, “साहेब, चोर नाही भेटला, पण मलेच तिघांनी इचारलं, भाऊ, कुठं रूम खाली आहे का.”

पोलिसाच्या नोकरीत एक सवय लागते. जो बोलतो त्याच्यापेक्षा जो बोलत नाही त्याच्याकडे लक्ष जातं. फिर्याद लिहून घेताना परिचारिका बाई सगळं नीट सांगत होत्या. वडील बाजूला बसून स्वतःच्या हातांकडे बघत होते. त्या पोराचं वर्णन विचारलं तर म्हणाले, नजर अधू आहे, चेहरा दिसला नाही. मी मान हलवली. पण त्यानंतर ठाणे अंमलदारांच्या टेबलापाशी ते बसले होते तेव्हा एका अडाणी बाईला त्यांनी भिंतीवरची बारीक अक्षरातली सूचना वाचून दाखवली होती, चष्म्याशिवाय. ते मी पाहिलं होतं.

बाई आणि वडील त्या दिवसांत एका मैत्रिणीच्या घरी, बंद गच्चीतल्या एका कोपऱ्यात राहत होते. सामान टेम्पोवाल्याच्या गोडाऊनमध्ये. मैत्रिणीचे पाहुणे यायचे होते, त्यामुळे तिथेही फार दिवस काढता येणार नव्हते. मी गणवेश न घालता गेलो आणि म्हाताऱ्यांना चहाला बाहेर घेऊन आलो. चौकशी म्हणाल तर एवढीच. अर्धा कप होईपर्यंत मी पिकापाण्याचं बोललो. मग विचारलं, “बाबा, तो पोरगा तुमच्या ओळखीचा आहे का?”

त्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, “ओळखीचा नाही. पण भाचा हाय.”

त्याचा अर्थ कळायला आमच्या भागातल्या दोन गोष्टी माहीत पाहिजेत. वऱ्हाडात कुणी नवा माणूस भेटला की म्हातारी माणसं त्याचं गाव विचारतात, आडनाव विचारतात आणि तेवढ्यावर न थांबता मामाकूळ, म्हणजे आईचं माहेर, विचारतात. कुठे ना कुठे नातं लागतंच, आणि लागलं की मग त्या माणसाशी बोलायची रीत ठरते. दुसरी गोष्ट अशी की आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा मामाच्या पडत नाही. गावच्या लेकीचा मुलगा हा साऱ्या गावाचा भाचा. मग तो चार वर्षांचा असो की चाळिशीचा.

घर दाखवायच्या दिवशी म्हाताऱ्यांनी सवयीप्रमाणे त्या पोराला सगळं विचारलं. त्याने आडनाव सांगितलं, गाव पुणे सांगितलं. मामाकूळ विचारल्यावर तो जरा थांबला आणि परतवाड्याच्या अलीकडच्या एका लहानशा गावाचं नाव बोलून गेला. तेच म्हाताऱ्यांचं मूळ गाव होतं.

“मंग तं तू आमचा भाचाच झाला, असं म्हनून मी वाकलो,” म्हातारे सांगत होते. “तो मांगं सरकला साहेब. भिंतीले जाऊन टेकला. म्हने, नको मामा, नको. पुन्याची भाषा कुठच्या कुठं गेली त्याची.”

“हे लेकीला माहीत आहे?”

“ते अंदर किचनमंदी नळ पाहत होती. तिले कशाले सांगू? भाच्यावर रपट लिवाले लावू? या वयात त्याचा तळतळाट घेऊ?”

मी त्यांना कायदा सांगितला नाही. तेव्हा तो कामाचा नव्हता. मी एवढंच म्हणालो की भाचा वाट चुकला तर त्याचा कान धरायचा हक्कही मामाचाच असतो. आम्ही धरला तर तो तुरुंगात धरू. आणि तुमची लेक रोज कुणाच्या तरी गच्चीतून ड्यूटीला जाते, तिचं काय?

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “हे पोलिसाच्या पुस्तकात लिवेल असते काय?”

“नाही,” मी म्हणालो. “माझे मामा असेच होते.”

“मी संग येतो,” ते म्हणाले. “पन ते लाल दिव्याची गाडी नोका आनू गावात.”

दुसऱ्या दिवशी आम्ही एका खासगी गाडीने गेलो. म्हातारे, जमादार, एक शिपाई आणि मी. गाव लहान होतं. म्हाताऱ्यांनी पारावर दोन माणसांना पोराचं वय-वर्णन सांगितलं आणि तेवढ्यात त्याच्या आईचं माहेरघर कोणतं ते कळलं. खरा मामा भाजीपाला आणि फुलं पिकवणारा शेतकरी. मळ्यात विहिरीच्या पाटावर मेथीच्या जुड्या धूत बसला होता. म्हाताऱ्यांनी त्याला सगळं सांगितलं. मी आणि जमादार उभेच होतो, पण त्या माणसाने आमच्याकडे पाहिलं नाही. त्याने म्हाताऱ्यांनाच विचारलं, “खरं हाय?” म्हातारे म्हणाले, “खरं हाय बापा.”

त्याने हात धुतले आणि झेंडूच्या वाफ्यांकडे तोंड करून हाक मारली. पोरगा तिथेच होता. फुलं तोडत होता. आम्हाला बघून पळाला नाही. जमादार माझ्या खुणेने मागच्या वाटेला गेले होतेच, पण त्यांची गरज पडली नाही.

मामाने त्याला एक थप्पड मारली नाही की शिवी दिली नाही. मला म्हणाला, “साहेब, नेजा. पन त्याले उपाशी नेऊ नोका. माह्या घरून भाचा उपाशी कधी गेला नाही.”

अटकेच्या वेळी आरोपीला असं जेवू घालावं असं कुठल्याही नियमात नाही. जेवू घालू नये असंही नाही. मी घड्याळाकडे न बघता खाटेवर बसलो. आत मामी भाकरी थापत होती. मामाने भाच्याचं ताट स्वतः वाढलं आणि तो जेवेपर्यंत समोर उकिडवा बसून राहिला. पोरगा भाकरी नुसती मोडत होता. मामा एवढंच म्हणत होता, “खा. दूर जाचं हाय.” पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीत मी बऱ्याच अटका केल्या. इतकी शांत अटक दुसरी नाही.

ठाण्यात त्याने सगळं सांगितलं. तो आधी त्या फ्लॅटच्या जुन्या भाडेकरूबरोबर राहायचा. नोकरी गेली, भाडेकरू घर सोडून गेला, पण दुसरी किल्ली याच्याजवळ राहिली. पॅसेंजरमध्ये जो तो घर शोधताना दिसे. एकाला हो म्हणून पाहिलं, त्याने लगेच विश्वास ठेवला. मग दुसऱ्यालाही हो म्हटलं. मी त्याला विचारलं, “नाव खोटं, गाव खोटं, काका खोटा. मग मामाचं गाव खरं का सांगितलंस?”

तो म्हणाला, “बाकी समदं घरून ठरवून नेलं होतं साहेब. मामाचं कोनी इचारन असं वाटलंच नाही. अन् इचारलं तं दुसरं नाव तोंडात येईना. सुट्ट्या समद्या तिथंच गेल्या माह्या.”

डिपॉझिटचा मोठा भाग त्याच्याकडून हस्तगत झाला आणि कोर्टाच्या आदेशाने तक्रारदारांना परत मिळाला. उरलेला मामाने भरला. पुढे पोराला शिक्षा झाली, ती त्याने भोगली, आणि आता तो त्याच मळ्यात आहे असं ऐकतो. तरुण जोडप्याला मूर्तिजापूरला घर मिळालं.

पण परिचारिका बाईंचा प्रश्न तिथेच होता. त्या आणि वडील ठाण्यात आले असताना मी घरमालकांना फोन करून सांगितलं की तुमचा फ्लॅट रिकामा आहे आणि एक चांगला भाडेकरू दारात उभा आहे. ते घाबरले होते. म्हणाले, पोलीस केस झालेलं घर आहे, आता मी विकूनच टाकतो. शिवाय एकटी बाई, रात्रीबेरात्री येणार. तुम्ही हमी देता का? मी म्हणालो, पोलिसाला हमी देता येत नाही, माहिती देता येते. माहिती अशी की त्या बाईंविरुद्ध एकही तक्रार नाही.

त्यांचं समाधान होईना. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यांनी हात पुढे करून माझ्याकडून फोन मागितला. “नमस्कार. गाव कोनतं म्हनले तुमी?” मी मग बाहेर जाऊन एक पंचनामा तपासला, सह्या केल्या, परत आलो, तरी बोलणं चालूच होतं. आता ते घरमालकांच्या चुलत आजीच्या दर्यापूरच्या माहेरापर्यंत पोचले होते. शेवटी फोन माझ्या हातात देत म्हणाले, “किल्ली कुरिअरनं पाठवून राहिले. नात्यातले व्याही निघाले, दूरचे.” बाईंनी ठाण्यातच तोंडाला पदर लावून हसू दाबलं. त्या आठवड्यात त्या राहायला गेल्या. भाडेकरूची पोलीस पडताळणी मी स्वतः पूर्ण केली. वाचकांनीही ती टाळू नये, हे जाता जाता सांगतो.

या प्रकरणाआधी माझा समज होता की आरोपी त्याच्या खोट्यामुळे सापडतो. खोटं कुठे ना कुठे फाटतं, आणि आपण तिथे बोट घालायचं. या पोराचं खोटं मजबूत होतं. तो सापडला तो त्याच्या एका खऱ्यामुळे. तेव्हापासून चौकशीत मी माणसाला तो कुठे वाढला, कुणी जेवू घातलं, हे आधी विचारू लागलो. त्यातून तपास पुढे सरकतोच असं नाही, पण समोरचा माणूस कळतो.

निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टर सोडलं तेव्हा आम्हा नवरा-बायकोला घर शोधायची वेळ आली. पोलीस म्हटल्यावर घरमालक भाडेकरू म्हणून आम्हाला नको म्हणत. याची मला तोवर कल्पना नव्हती. परिचारिका बाईंनी कळवलं की त्यांच्या बिल्डिंगमध्ये तळमजला रिकामा होतोय. माझ्या पत्नीची शेवटची दोन वर्षं इथेच गेली. ड्यूटीवरून उतरल्या की बाई वर न जाता आधी आमच्याकडे येत, तिचं ब्लडप्रेशर बघत, इंजेक्शन असेल तर देत. अकोल्याहून गाडी आली की ती म्हणायची, आता बाई पोचतीलच. मागल्या हिवाळ्यात ती गेली. घर तेव्हापासून तसंच आहे. तिची पुस्तकं आणि माझी एकाच कपाटात आहेत.

मुलगा म्हणतो, आता एकट्याने तिथे कशाला राहता, पुण्याला या. गेल्या आठवड्यात मी भाडेकरार पुन्हा करून घेतला. वरचे म्हातारे काठी टेकत खाली आले होते. विचारलं, “किती दिवसाचा केला?”

“अकरा महिन्यांचा. सगळे तेवढ्याचाच करतात.”

“अन् त्याच्याबाद?”

“त्याच्यानंतर पुन्हा अकरा,” मी म्हणालो, आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेलो.