अंबूताईंचा फणस

मुकुंदराव हुबळीच्या कोर्टात कारकून होते. त्यांची बायको अंबूताई काळजी करायलाच जन्मली आहे, असं सारी आळी म्हणे. नवऱ्याला कचेरीतून यायला जरा उशीर झाला की त्यांच्या ओट्यावर येरझारा सुरू व्हायच्या. लेकी सासरी सुखात होत्या, तरी खुशाली कळेपर्यंत घास गोड लागायचा नाही. अशा बाईनं झाड लावायचं म्हणजे नसता घोर मागं लावून घेणं, असं मुकुंदराव हसून म्हणाले होते.

पण अंबूताई धारवाडपलीकडच्या अळणावरच्या. माहेरच्या परसात बुंध्यापासून फणस लगडायचे, आणि इथं आडाजवळ नुसती काळी चिकट माती. सन एकोणीसशे तेवीसच्या ज्येष्ठात भाऊ फणस घेऊन आला. आठळ्या चुलीत भाजायला टाकण्याआधी त्यांनी काही बाजूला काढल्या, खड्ड्यात धारवाडकडची तांबडी माती घातली आणि ओल्याच पेरल्या. काही कुजल्या, काही उंदरांनी उकरल्या. एकीनं मात्र माती उचलली. त्या सकाळी अंबूताई भरली घागर कडेवर तशीच धरून कोंबाकडं बघत राहिल्या. पुढं तुपात बुडवल्यासारखी तुकतुकीत पानं सुटली, तेव्हा त्या आनंदात आमटी करपली.

दिवाळी झाली आणि आळीत उंदीर मरून पडू लागले. प्लेग आला होता. माणसं घरं सोडून उणकलच्या तळ्याकडच्या माळावर झोपड्या घालू लागली. रोप उपटून न्यावं तर सोटमूळ दुखावलं की फणस जगत नाही. अंबूताईंनी एका मडक्याच्या बुडाला भोक पाडून चिंधीची वात ओवली, ते रोपाशेजारी पुरलं, पाण्यानं भरलं आणि घराला कुलूप घातलं.

माळावर त्यांना चैन पडेना. मडक्यातलं पाणी किती पुरणार? शेवटी एके सकाळी शेजारच्या झोपडीतल्या जावेला, कौसल्येला, तळ्यावर धुणं धुवायला जाते म्हणून सांगितलं आणि त्या थेट गावात गेल्या. आळीत चिटपाखरू नव्हतं. रोपानं मान टाकली होती. पोहरा घ्यायला वळल्या तर आडाच्या काठाशी मेलेला उंदीर, फुगलेला. तरी त्यांनी पाणी शेंदलं, मडकं भरलं आणि मागं न बघता पळत सुटल्या.

वाटेत तळ्यात लुगड्यासकट बुडी मारली, पण मनातली भीती धुतली जाईना. झोपडीत शिरल्याच नाहीत. कावळा शिवला म्हणून सांगून बाहेर वेगळ्या बसल्या, स्वयंपाक कौसल्येवर सोपवला. घडीघडीला काखेत चाचपून बघायच्या, गाठ तर आली नाही ना. आपल्यापायी सगळा माळ मरेल, हा एकच विचार. आणि खरोखरच ताप भरला.

मुकुंदराव विचारपूस करायला जवळ येऊ लागले, तेव्हा त्यांनी हात आडवा केला.

"लांब राहा. मी घरी गेले होते. तिथं उंदीर पडला होता."

मुकुंदराव खाली बसले. मग म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी गेलो असतो."

डॉक्टर आले, त्यांनी जांघ-काख बघितली आणि हा हिवताप आहे म्हणाले. कोयनेलच्या कडू गोळ्यांनी ताप उतरला. पण अंबूताईंचा जीव आता दुसऱ्याच चिंतेत पडला, कारण मुकुंदराव सकाळी धोतर खोचून गावाकडं निघाले होते. त्यांनी धडपडत उठून नवऱ्याची बाही धरली.

"जळू दे तो फणस. तुम्ही जायचं नाही."

मुकुंदराव गेले नाहीत. त्या दिवसापासून अंबूताईंनी रोपाचं नाव काढलं नाही. मनानं त्याला सोडूनच दिलं. मार्गशीर्षात एका दुपारी मात्र आभाळ भरून आलं आणि अवकाळी पाऊस कोसळला. झोपड्यांचे तट्टे गळू लागले, अंथरुणं भिजली, पीठ भिजलं, माळभर शिव्याशाप चालले. ओल्या वाकळेवर बसून अंबूताई एकट्याच हसत होत्या. कौसल्येला वाटलं, ताप डोक्यात गेला.

माघात सगळे घरी परतले. चुना मारून घर स्वच्छ होईपर्यंत त्या परसात गेल्याच नाहीत, धीरच होईना. अखेर मुकुंदरावांनीच हाक मारली. रोपाचा शेंडा वाळून काडी झाला होता, पण बुडाशी, मातीलगत, हिरवा फुटवा आला होता. अंबूताई मातीत बसल्या आणि पदर तोंडाशी धरून रडल्या.

काळजी काही सुटली नाही. शेळ्यांची, वाऱ्याची, मुळं खाणाऱ्या हुमणीची. पण सातव्या-आठव्या वर्षी बुंध्याला पहिला फणस लागला. तो पिकून घमघमला तेव्हा त्यांनी हाताला तेल लावून स्वतः फोडला, गरे ताटात भरले आणि आळीत घरोघरी वाटायला निघाल्या. प्रत्येक दारात सांगत होत्या, "बेताबेतानं खा गं, पोटाला बाधेल."