आधी ताईचं देणं, मग दिवाळं

आमच्या ह्यांनी दिवाळं काढायचं ठरवलं, तेव्हा मला पहिला प्रश्न पडला की ते काढतात कुठे? लायसन काढतात, रेशनकार्ड काढतात, त्या कचेऱ्या मला ठाऊक होत्या. दिवाळं मात्र आपोआप निघतं अशी माझी समजूत होती. तसं नसतं. त्यासाठी वकील लागतो, अर्ज लागतो, अर्जाला तिकीट लागतं आणि आपण खरोखर बुडालो आहोत हे कोर्टाला पटवून द्यावं लागतं. म्हणजे खिशात दमडी नाही हे सिद्ध करायलासुद्धा आधी खिशात हात घालायचा.

शनिवार पेठेत आमची मेस होती. स्पर्धा परीक्षेची मुलं जेवायला यायची, बरीचशी विदर्भातली. भाजीत तर्री नाही म्हणून रोज नाक मुरडायची आणि रोज चार पोळ्या जास्त खायची. मेस बरी चालली होती. ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी लावणाऱ्यांना पुण्यात लोक हसतात, पण त्या पाटीत किती शहाणपण आहे ते मला दुसरी शाखा काढल्यावर कळलं. ह्यांना कात्रजला वातानुकूलित मेस काढायची हौस आली. मी म्हटलं, पिठलं-भाकरी खायला थंड हवा कशाला हवी? ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी प्रगतीच्या आड येणारी बाई. मग बँकेचं कर्ज झालं, ते फेडायला क्रेडिट कार्डं झाली, कार्डं फेडायला मोबाइलवरच्या ॲपचं कर्ज झालं, आणि मार्केट यार्डातल्या भुसार व्यापाऱ्याची उधारी होतीच. पतसंस्थेचंही एक कर्ज होतं, त्याबद्दल पुढे सांगते. थंड हवेत बसायला कोणी आलं नाही. नवी मेस आधी बंद पडली आणि जाताना जुनीला घेऊन गेली.

त्यानंतर फोन सुरू झाले. वसुलीवाली मुलं आधी ‘सर’ म्हणायची, मग ‘ओ भाऊ’, आणि मग जे म्हणायची ते मी इथे लिहीत नाही. ह्यांनी फोन उचलला नाही तर मला करायची, मी उचलला नाही तर शेजारच्यांना. आम्ही कात्रजला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. शेजारीण लाख चांगली, पण एकदा ती माझ्याकडे निरोप घेऊन आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जी दया होती ती पाहून मला त्या फोनवाल्यापेक्षा तिचा जास्त राग आला. ह्यांची झोप उडाली होती, जेवण तुटलं होतं, आणि माणूस हसायचा मात्र तसाच.

तेव्हा आमच्याकडे जेवून गेलेला एक मुलगा मदतीला आला. परीक्षा सोडून तो वकील झाला होता. तो म्हणाला, काकू, माणसाला कर्ज फेडणं शक्यच नसेल तर त्यासाठी कायदा आहे, इंग्रजांच्या वेळचा आहे पण चालतो. त्याला नादारी म्हणतात. जे काही असेल ते कोर्टापुढे ठेवायचं, सगळ्यांची देणी सांगायची, कोर्ट सगळ्यांना मिळून काय द्यायचं ते बघतं, आणि मग ही रोजची ओढाताण थांबते. फी घेणार नाही म्हणाला. त्याच्याकडे आमचे जेवणाचे पैसे थकले होते. आपली येणी कोणाकडे आहेत हेही अर्जात लिहावं लागतं, म्हणून त्याने स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने त्यात लिहिलं. असा सरळ वकील मी पुन्हा पाहिला नाही.

आता पतसंस्था. त्या कर्जाला जामीन होत्या आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, भावाला त्यांनीच वाढवलं, स्वतः लग्न केलं नाही. एका शाळेत लेखनिक होत्या, निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. भाड्याची एक खोली आणि निवृत्तीनंतर हातात येणारे पैसे, एवढाच त्यांचा म्हातारपणाचा आधार. भाऊ म्हणाला सही कर, त्यांनी केली. वकिलाने बजावून सांगितलं होतं की काका नादार झाले तरी जामीनदार सुटत नाही. पतसंस्था ताईंच्या पगारातून कापेल, आणि निवृत्तीचे पैसे खात्यात आले की त्यांवरही टाच आणेल. म्हणजे ह्यांनी सुटायचं तर बहिणीने अडकायचं. प्रश्न एवढाच होता, आणि घरात दुसरं काही बोलणंच नव्हतं.

वन्संना हे कुठूनतरी कळलं. त्या भांडल्या नाहीत. त्या दर रविवारी सकाळी बसने कात्रजला यायच्या, चपला बाहेर काढायच्या आणि दाराशी खुर्ची ओढून बसायच्या. पहिल्या रविवारी मी चहा ठेवला. “चहा नको. पतसंस्थेत पैसे कधी भरणार, ते सांगा,” म्हणाल्या. मी पोहे केले, नको. जेवायला वाढलं, नको. पाणीसुद्धा नको. संध्याकाळची बस धरून जायच्या. पूर्वी सावकार देणेकऱ्याच्या दारात अन्नपाणी सोडून धरणं धरून बसायचा म्हणे, आमच्याकडे सख्खी बहीण बसली होती. ज्या घराने शेकडो पोरांना जेवू घातलं, त्या घरी नणंद उपाशी! मला आतून इतकं चिडायला व्हायचं की विळीवर बोट कापायचं. ह्यांना म्हटलं, सांगा ना त्यांना काहीतरी. हे म्हणाले, काय सांगू, तिचं खरं आहे.

आणि मग ह्यांनी ते केलं. जुन्या मेसच्या जागेचं डिपॉझिट मालकाने परत दिलं होतं. कणीक मळायचं मशीन, मोठा फ्रीज, टेबलं, खुर्च्या विकून वर काही आलं. सगळं एकत्र करून हे पतसंस्थेत गेले आणि ताईच्या जामिनाचं कर्ज पै न् पै फेडून आले. जाताना पेढे घेऊन गेले होते! दिवाळं काढायला निघालेला माणूस पतसंस्थेच्या शिपायापासून साहेबापर्यंत पेढे वाटून आला. घरी येऊन म्हणाले, आता खुशाल दिवाळं निघू दे. कित्येक महिन्यांनी त्या दिवशी ते पोटभर जेवले, आणि खरं सांगते, मलाही बरं वाटलं. पुढच्या रविवारी वन्सं आल्या नाहीत.

वकिलाला ह्यांनी फक्त एवढंच सांगितलं की पतसंस्थेचं नाव अर्जातून काढ, ते मिटलं. अर्जाच्या गडबडीत कधी मिटलं, कुठल्या पैशातून, हे त्याने विचारलं नाही. अर्ज दाखल झाला, पेपरात नोटीस आली. पुण्यात लोक पेपर मागच्या पानापासून वाचतात हे मला तेव्हा समजलं, कारण ज्यांनी वर्षानुवर्षं चौकशी केली नव्हती त्या सगळ्यांनी त्या आठवड्यात प्रेमाने चौकशी केली. मग बँकेच्या वकिलाने कोर्टात हरकत घेतली. ह्यांच्या खात्याचा उतारा पुढे करून तो म्हणाला, हे पाहा, अर्ज करायच्या जरा आधी या गृहस्थांनी एकालाच सगळे पैसे दिले आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडलं.

आमचा वकील डोक्याला हात लावून आमच्या खोलीत बसला. “काका, पेढे वाटायच्या आधी मला एक फोन करायचा होता हो.” त्याने समजावलं ते असं. बुडणाऱ्या माणसाने सगळ्या सावकारांना सारखं धरायचं असतं. आपल्या मर्जीने एकालाच उचलून दिलं, तर कोर्ट ते पैसे परत मागवू शकतं. पतसंस्थेला पैसे परत करावे लागले की कर्ज पुन्हा उभं आणि ताईंचा जामीनही उभा. ह्यांचा चेहरा उतरला. आयुष्यात जे एकच देणं ह्यांनी धडपणे फेडलं होतं, नेमकं तेच कायद्याला खुपलं.

पण एक वाट होती. पैसे मर्जीने दिले नाहीत, मागणाऱ्याने गळ्याशी येऊन तगादा लावला म्हणून दिले, असं असेल तर ते देणं टिकतं. आणि तगादा तर होताच की! वकील म्हणाला, “काका, खोटं काही बोलायचं नाही. ताई दर रविवारी दारात बसायच्या, मला दुसरा इलाज उरला नाही, एवढं खरं सांगायचं.” हे हो म्हणाले. मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. शाळेत कविता पाठ करून घेतात तसं. दोन्ही वेळा बिनचूक म्हणाले.

शिवाजीनगरच्या कोर्टात तारीख होती. वन्संना मी बोलावलं नव्हतं, ह्यांनीही नाही, पण त्या शाळेतून अर्धी रजा टाकून आल्या आणि मागच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. आधी ह्यांच्या देण्यांची यादी वाचून दाखवली. बँक, कार्डं, ॲप, भुसारवाला, दूधवाला. आपल्या नवऱ्याचा संसार असा परक्या आवाजात, एकेक नाव घेत ऐकणं फार वाईट. मी जमिनीकडे बघत राहिले. मग ह्यांना उभं केलं आणि बँकेच्या वकिलाने विचारलं, पतसंस्थेचे पैसे तुम्ही का भरलेत? कोणी दबाव आणला होता का?

ह्यांनी मागे वळून बहिणीकडे पाहिलं. मग छाती काढून म्हणाले, “नाही साहेब. कोणी एका शब्दाने बोललं नाही. मी माझ्या राजीखुशीने भरले.”

मला वाटलं धरणी दुभंगावी. आमच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. चारचौघांत बहिणीला वसुलीवाली म्हणवेना, म्हणून शपथेवर उभा राहून हा माणूस तिच्या म्हातारपणाचे पैसे बुडवत होता. बहिणीची अब्रू राखायची म्हणून! आयुष्यभर बँकांना खरं सांगून बुडाला आणि जिथे खरं बोलायचे पैसे होते तिथे खोटं बोलला. राग, लाज, प्रेम सगळं एकदम आलं आणि मला रडूच फुटलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. “साफ खोटं बोलतोय तो.” वन्सं उभ्या होत्या. न्यायाधीश म्हणाले, बाई, असं मधे बोलता येणार नाही, आपण कोण? वन्सं म्हणाल्या, जिच्या तगाद्याने हे पैसे भरले गेले ती मी. आमचा वकील ताडकन उठला, या साक्षीदार आहेत म्हणाला, थोडी खळखळ झाली आणि अखेर त्यांना पुढे बोलावून शपथ दिली.

वन्सं शाळेत वर्गणीचा हिशेब सांगावा तशा कोरड्या आवाजात बोलल्या. “मी दर रविवारी ह्याच्या दारात बसायचे. ह्याच्या घरचं पाणीही घेत नव्हते. ह्याच्या बायकोने समोर ठेवलेलं ताट मी परत पाठवलंय. माझे पैसे वाचावेत म्हणून मी ह्याला छळलं. भाऊ बुडतोय हे मला दिसत होतं, तरी छळलं.” बँकेच्या वकिलाने विचारलं, सख्ख्या भावाला? “सख्खाच, मीच वाढवलाय त्याला,” वन्सं म्हणाल्या, “म्हणून तर लाज नाही वाटली.” पर्सचा बंद मात्र त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. ही बाई जन्मात कोणापुढे वाकली नव्हती. त्या बसायच्या म्हणून मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते सगळं आता त्या स्वतःच्या तोंडाने, स्वतःबद्दल, कोर्टाला सांगत होत्या.

निकाल नंतरच्या तारखेला लागला. ते देणं टिकलं, वन्संचे पैसे वाचले, आणि हे रीतसर नादार ठरले. पण तो दिवस संपला तो कोर्टाच्या बाहेर, रिक्षाची वाट बघत. हे बहिणीच्या शेजारी उभे होते, पण तिच्याकडे बघवत नव्हतं त्यांना. शेवटी म्हणाले, “ताई, कशाला बोललीस गं? सगळ्या लोकांसमोर. काय म्हणतील लोक?”

वन्संनी हात करून रिक्षा थांबवली. भावाला आधी आत बसवलं, मग मला, आणि चढता चढता म्हणाल्या, “तुझ्या देण्यांची यादी मी नीट ऐकली आहे. त्यात लोकांचं नाव नव्हतं.”