मन्मथची नक्कल

आमच्या ह्यांनी, नासिर मास्तरांनी, सात नाटकं लिहिली आणि एकाचीही पूर्ण वही ठेवली नाही. कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. शेजारच्या गावची मंडळी नाटक चोरतील! म्हणून ज्या-त्या नटाला त्याच्यापुरतेच संवाद, म्हणजे नक्कल, स्वतःच्या हातानं लिहून द्यायचे. मी बोलून बोलून थकले.

त्र्याण्णवला भूकंप झाला. सातव्या नाटकात नायकाचं काम करणारा मन्मथ घराखाली गेला.

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. हे एका क्लासात नोट्स लिहायला लागले. त्यांच्या अक्षरातल्या झेरॉक्स वाचून पोरं डॉक्टर व्हायला निघाली, आणि हे घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचे. लई राग यायचा मला. काढायचा कुणावर?

अठ्ठ्याण्णवला एक प्रकाशक म्हणाले, सातवं नाटक छापतो, पण पूर्ण द्या. तोबा, काय तो उत्साह! उमरी, कंधार पालथं घालून सगळ्यांच्या नकला जमवल्या. राहिली एकट्या मन्मथची. ती नव्यानं लिहून बघितली आणि फाडली. म्हणाले, "मन्मथ बोलतच न्हाई गं वहिदा. मीच बोलून राहिलो."

मग कळलं, ढिगाऱ्यातून निघालेली त्याची नक्कल त्याच्या आईपाशी, पार्वतीबाईंपाशी आहे. आम्ही दोघं गेलो. चहा झाल्यावर बाईंनी पेटीतून कागद काढले, पदरानं पुसले.

"फोटू सुदीक न्हाई राहिला, मास्तर. माझ्या लेकराचं एवढं अक्षर हाय. रोज हात फिरवते. त्याचंच हाय न्हवं?"

अक्षर ह्यांचं होतं.

"हाव," हे म्हणाले. "त्याचंच."

मी म्हटलं, एक दिवस द्या, झेरॉक्स काढून आणते. बाईंनी कागद छातीशी धरले. "घराबाहेर न्हाई जाऊ द्यायची म्या."

पिशवीत कोरी वही होती, खिशाला पेन. तिथंच उतरवून घ्यायला तास पुरला असता. मला लिहिता येत नाही, नाहीतर मीच बसले असते. पण तेच अक्षर तिच्या डोळ्यांदेखत ह्यांच्या हातून उतरलं असतं. वाचता येत नसलं म्हणून काय झालं, रोज हात फिरवणारीला ओळखू येणार नाही? मी डोळ्यांनी 'लिहा' म्हणून खुणावत होते, हे मानेनं नाही म्हणत होते.

"मग कशापायी आलता, मास्तर?"

"असंच. भेटायला."

एस्टीत बसल्यावर भांडायला म्हणून मी तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. लातुरात उतरल्या उतरल्या ह्यांनी बूथवरून प्रकाशकांना फोन लावला. म्हणाले, "ते नाटक माझं न्हाई, साहेब. छापू नका."