करंजाचं तेल आणि भिमाजीआबांचा पाय

निमोण्याच्या बौद्धवस्तीत राहणारी ताईबाई करंजाचं तेल करते, हे पाच-सहा गावांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात शेंगा वेचायच्या, बिया वाळवायच्या, तळेगाव ढमढेऱ्याच्या लाकडी घाण्यावर तेल गाळून आणायचं आणि घरी त्या तेलात कडुनिंबाचा पाला आणि हळद कढवायची. खाजेवर, भेगांवर, उसाच्या पाचटानं सोललेल्या हातांवर ते तेल चालतं. कारेगावच्या कंपन्यांतली पोरं मशीन थंड ठेवणाऱ्या कुलंटच्या पाण्यानं हात लाल झाले की तिच्याकडूनच बाटली नेतात.

त्या सोमवारी ती कारेगावला निघाली होती. जीप हॉर्न वाजवत होती. तेवढ्यात मळ्यातल्या तुळजाबाईनं हाक मारली.

"ताईबाई, ह्यांच्या पायाला खरचटलंय. एक बाटली दे की."

एरवी ताईबाई कातडी बघितल्याशिवाय तेल देत नसे. त्या दिवशी तिनं बाटली तुळजाबाईच्या हातात ठेवली आणि धावत जीप गाठली.

शुक्रवारी सकाळी दोघी पिठाच्या गिरणीत भेटल्या. "जखम वरनं वाळली," तुळजाबाई म्हणाली, "पर खोलीत कसला तरी वास येतोय गं."

 दळण तिथंच टाकून ताईबाई तुळजाबाईबरोबर मळ्यावर गेली.

तुळजाबाईचे मालक भिमाजीआबा खाटेवर बसले होते. "ये, ताईबाई. तुझ्या तेलानं ठणका पार गेला बघ. काहीच जाणवत न्हाई."

ते ऐकून ती जास्तच घाबरली. तिनं फडकं सोडलं. करंगळीशेजारी तेल आणि धूळ मिळून काळी खपली धरली होती. भोवतीची कातडी तुकतुकीत सुजलेली, घोट्यापर्यंत लाल आणि गरम. तिनं खराट्याची काडी तळव्याला टोचली.

"आबा, काय टोचलं?"

"कुठं काय टोचलं?"

"तुम्हाला साखर हाय का?"

"गोळ्या चालू हायेत त्यांना," दारातून उत्तर आलं. त्यांचा मुलगा रविराज उभा होता. "का? काय झालं?"

"गाडी काढा. आत्ता. शिरूरला न्यावं लागंल."

"म्हंजी तुमच्या तेलानं झालं का मावशी हे?"

"कशानं लागलं व्हतं?"

"खिळा घुसला होता," तुळजाबाई पुटपुटली.

ताईबाईनं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "खिळ्याच्या जखमेला तेल लावायचं नसतं. मी बघायला पायजे व्हतं. चूक माझी हाय. पर भांडण मागनं करा, रविराज. आधी गाडी काढा."

आबा हटून बसले. "उद्या जाऊ. आज पाण्याची पाळी हाय."

"आबा, उद्या पाय ऱ्हाईल का न्हाई, मला सांगता यायचं न्हाई."

 रविराजनं किल्ली उचलली. ताईबाई न बोलावताच मागच्या सीटवर बसली. वाटेत आबांना हुडहुडी भरली. तुळजाबाई त्यांचा हात चोळत होती. रविराज आरशातून ताईबाईकडे बघत होता आणि तिला नजर कुठं ठेवावी कळत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी खपली काढली तसा आतून पू आला. "ह्यावर काय लावलंत?"

तुळजाबाईनं खाली बघितलं.  ताईबाई पुढं झाली. "मी दिलं. करंजाचं तेल. कडुनिंबाचा पाला आन् हळद कढवलेलं. चार दिस लावलं."

"वरच्या खाजेला एक वेळ ठीक आहे," डॉक्टरीणबाई हातमोजे बदलत म्हणाल्या. "पण ही खोल जखम. त्यात साखर. वरून झाकली गेली आणि आत सडत राहिली. धनुर्वाताचं इंजेक्शनही घेतलेलं दिसत नाही. करंगळी जाईल. बाकीचं ऑपरेशनला आत घेतल्यावर कळेल."

दोन तास ताईबाई बाकावर बसून होती. जा म्हणालं असतं कुणी तर ती उठली असती. कुणी म्हणालं नाही. शेवटी नर्स बाहेर आली. करंगळी काढली होती. पाय वाचला होता. ताईबाईनं पदर तोंडावर घेतला आणि पहिल्यांदा रडली.

दीड महिन्यानं आबा काठी टेकत रानात जाऊ लागले. रविराज वाटेत दिसला तर मान हलवतो, थांबत नाही. मळ्यातल्या तीन-चार घरांनी तिच्याकडून तेल घेणं बंद केलं. ती त्यांच्याशी वाद घालत नाही. नवीन कुणी आलं की ती पहिल्यांदा आबांच्या पायाची गोष्ट सांगते, आपली चूक सांगते, आणि मग विचारते, "आता सांगा, कुठं लागलंय आन् कशानं?"