यानात अडकलेली बाई आणि तुमची छोटी आजी

तुम्ही दोघं नातवंडं तिकडे परदेशात राहायला गेलात तेव्हापासून आपला एक नेम होता. हिरव्या कानांच्या कप्तानाची ती मालिका, तिचा नवा सीझन आला की पहिला भाग एकत्र पाहायचा. तुमच्याकडे सकाळ, माझ्याकडे तुमसरला संध्याकाळ. समोर फोन उभा करायचा, तीन-दोन-एक म्हणायचं आणि दोन्हीकडे एकदम बटण दाबायचं. तुमचं हसू माझ्या टीव्हीपेक्षा किंचित आधी यायचं. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवूनही त्या लोकांचं भरभर बोलणं मला पुरतं कळत नाही. तुमच्या हसण्यावरून मी तयार राहायची, आता विनोद येणार.

यंदा तुमचा निरोप आला, "आजी, आम्ही मित्रांबरोबर पाहिला. सॉरी. तूही बघ, रविवारी बोलू." मी 'ठीक आहे' लिहिलं आणि एक हसरा चेहरा पाठवला.

खरं सांगायचं तर मला धास्ती वाटली. फोनवर आपण जेवण, हवा आणि अभ्यास एवढं बोलतो आणि ते लवकर संपतं. त्या मालिकेवरूनच काय ते आपण भांडत असू. तेही गेलं, तर मी तुमच्यासाठी फक्त तब्येत विचारायची म्हातारी उरणार होते. तेव्हा भाग नीट पाहायचा आणि रविवारी बोलण्यासारखं काही हाताशी ठेवायचं, असं ठरवलं. पण एकटीनं टीव्हीसमोर बसवेना. म्हणून मागच्या अर्ध्या घरात राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेला, म्हणजे तुमच्या छोट्या आजीला, बोलावलं.

"मले नाई समजत ते फटफट इंग्रजी," ती म्हणाली. "अन् मले तांदूळ निवडाचे हायेत."

"तांदूळ इथे घेऊन ये."

"तुमाले सोबत पायजे तं तसं सांगा ना बाई. कायले इंग्रजीत बलावता?"

सहाला ये म्हटलं होतं. मी टीव्ही थांबवून, हात मांडीवर ठेवून बसले. ती पावणेसातला सूप घेऊन उगवली. मी घड्याळाकडे पाहिलं तर म्हणते कशी, "नाटक कधी टायमावर सुरू होते का?"

मंडईचे दिवस होते. दिवाळीनंतर, धान कापून झालं की आपल्याकडे गावोगावी मंडईची जत्रा भरते. दिवसा दंडारीची नाचगाणी, रात्री नाटक, आणि घरात पाहुण्यांना झोपायला जागा पुरत नसे. यंदा आमच्याकडे कोणीच आलं नव्हतं. ती बिचारी नाटकाच्या सवयीनंच येऊन बसली.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. कप्तानाचं मोडकं यान ग्रहाग्रहांवर पार्सलं पोचवतं. या वेळी वजनकाटा तपासायला एक सरकारी बाई आत चढते, आणि ती आत असतानाच यान सुटतं. मला परत सोडा, म्हणून ती साऱ्या भागभर कप्तानाच्या मागे लागते. मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते.

"उतरवून दे ना बापा तिले!" छोटी आजी टीव्हीला म्हणाली. "एस्टीत चुकून बसलं तं कंडक्टरही पुढच्या स्टापावर उतरवते."

"अगं, ते आकाशात आहेत."

"मंग? तिच्या घरी कोनाले मालूम हाय का, ती कुठी गेली ते?"

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मग ती बाई रागानं काटा कप्तानाच्या पायावर आदळते, त्यावर छोट्या आजीनं सूप बाजूला ठेवलं, टाळ्या पिटल्या आणि ओरडली, "वन्स मोर!"

"हे नाटक नाही. त्यांना ऐकू जात नाही," मी म्हटलं. पण रिमोट माझ्याच हातात होता. मी तो प्रसंग मागे नेला. काटा पुन्हा आदळला. ती थक्क झाली. "हे बेस हाय बाई. नाटकात तं नट थकते." त्यानंतर तिनं प्रत्येक हाणामारीला वन्स मोर घेतला. तासाभराचा भाग संपेस्तोवर आमची जेवायची वेळ टळून गेली आणि तांदूळ होते तसेच राहिले.

रविवारी मी तयार होऊन बसले. तुमचा फोन आला, जेवण झालं, हवा झाली. मग मी म्हटलं, "भाग पाहिला बरं का मी. ती वजनकाट्यावाली..."

"अगं आजी, ती मालिका आम्ही सोडली," धाकटा म्हणाला. "या वेळी मजाच नाही आली. सगळेच सोडतायत."

मी "हो का" म्हटलं. फोन ठेवण्याआधीची शांतता मला ओळखता येते.

"काहून सोडली रे?" माझ्यामागे तांदूळ निवडत बसलेली छोटी आजी पुढे वाकली. तिचं निम्मंच तोंड पडद्यावर दिसत असणार. "त्या बाईले तसंच वर लटकवून ठेवाचं का? अर्ध्यातून उठून गेले तं नटाचा अपमान होते!"

तुम्ही दोघं खो-खो हसलात. ही कोण, छोटी आजी का, ती पण पाहते का, काय म्हणाली, पुन्हा सांग. तिनं तुम्हाला कप्तान किती बेजबाबदार आहे ते सांगितलं, काटा कसा आपटला ते हात करून दाखवलं. किती तरी दिवसांनी तुमचा फोन एवढा वेळ चालला. मी फोन धरून होते. हात अवघडला तरी हलवला नाही. माझ्याशी तुम्ही शेवटी "बाय आजी" एवढंच बोललात, तेही प्रेमानंच.

तुम्ही फोन ठेवलात. छोटी आजी पदरानं तोंड पुसत म्हणाली, "लेकरं चांगली हायेत बाई. त्याईले काम असन." मग दारापर्यंत जाऊन थांबली. "पुढचा खेळ कवा हाय?"

पुढचा भाग आलेलाच होता. तो मी तुमच्यासाठी राखून ठेवला होता. आज बोलून झालं की तुम्ही म्हणाल, आजी, दुसरा आपण मिळून पाहू, असं मला वाटलं होतं.

"आत्ता लावते, बस," मी म्हटलं, आणि कोणाची वाट न पाहता बटण दाबलं.