तीन सल्ले आणि विमलकाकूंची बासी

विमलकाकू खाटेवर घामाने चिंब पडल्या होत्या आणि माझे तीन विद्यार्थी एकमेकांकडे बोट दाखवत होते.

रायपूरपासून तासाभरावरची, पावर हाउसमागची वस्ती. मी कॉलेजात कम्युनिटी हेल्थ शिकवते. नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसीच्या पोरांना एकाच घरी पाठवायचं, म्हणजे टीमवर्क येतं, ही डीनसाहेबांची कल्पना. कल्पना चांगलीच. साहेबांना त्यातला फोटो तेवढा कळला होता: प्रत्येक टीमने पेशंटच्या घरचा फोटो आणायचा, बेस्ट टीमला ट्रॉफी.

ग्लुकोमीटर लावला. शुगर पार खाली. साखरेचं पाणी पाजलं, तेव्हा काकू जरा सावरल्या.

"सकाळी काय खाल्लं, काकू?"

"काईच नाई. या नर्स पोरीनं बासी बंद कराले सांगितली."

बासी म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, इथली न्याहारी. काकू मूळच्या नागपूरकडच्या, पण त्यांचीही सकाळ बासीनेच होते.

"मंग या पोरानं सांगितलं, गोळी चुकवू नोका. घेतली. त्या दुसऱ्यानं सांगितलं, चाला. चालून आली. तुमच्याच लेकरायचं ऐकलं ना मॅडम, मंग कावून असं झालं?"

उपाशीपोटी शुगरची गोळी, वर चालणं. तिघांनी तीन वेगळ्या दिवशी येऊन काकूंना जवळजवळ मारलंच होतं. आज एकत्र आले होते तेही फोटोपुरते.

"मैम, मेरा पार्ट तो सही था," फार्मसीवाला म्हणाला. बाकीच्या दोघांनीही आपापल्या पार्टची तीच ग्वाही दिली. तेवढ्या एका मुद्द्यावर टीमचं एकमत होतं. मला संताप आला. परीक्षेत तिघेही पहिल्या वर्गात येणारे.

काकूंना डिस्पेन्सरीत नेलं. डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि उपाशी राहायचं नाही म्हणून बजावलं.

पुढच्या भेटीला मी तिघांना दारातच अडवलं. "आधी आपसात बोला. आत एकानेच तोंड उघडायचं."

ओट्यावर जोरदार भांडण झालं. बासी ही न्याहारी असते, हे रायपूर शहरात वाढलेल्या फिजिओवाल्याला तिथे कळलं. डाएट चार्टवर ती नव्हती म्हणे. शेवटी नर्सिंगची पोरगी आत गेली.

"काकू, आधी थोडी बासी खा. मग गोळी. मग चाला."

काकूंनी बासीचा वाडगा ओढला.

कॉलेजात डीनसाहेब वाटच पाहत होते. "मॅडम, टीमवर्कचा फोटो?"

"नाही काढला सर. काकू जेवून राहिल्या होत्या."

"अहो, मग टीमवर्क झालं हे दिसणार कसं?"

"काकू उठून चालतात. त्यात दिसतं."

साहेबांना ते पटलं नाही. बेस्ट टीमची ट्रॉफी दुसऱ्या ग्रुपला गेली. त्यांचा फोटो छान आला होता. त्यांचा पेशंट कसा आहे, हे त्या ग्रुपमध्ये कोणालाच सांगता आलं नाही.